बरं वाटायला लागलं, मग हृदयाच्या गोळ्या बंद करायच्या का?

डॉक्टर, सप्रेम नमस्कार.

आम्ही फलटण तालुक्यातले शेतकरी. माझे मालक ६१ वर्षांचे आहेत. तीन वर्षांपूर्वी त्यांना अटॅक आला, एक स्टेंट टाकला. वर्ष-दीड वर्ष ठीक गेलं. मग धाप लागायला लागली, पाय सुजले, रात्री झोपेतून दचकून उठून बसायचे. दवाखान्यात सांगितलं, हृदय कमजोर झालंय, पंपिंग २८ टक्के आहे, हार्ट फेल्युअर म्हणतात याला. त्यानंतर दोनदा ॲडमिट केलं, दुसऱ्यांदा ऐन दिवाळीत. तेव्हापासून औषधं नीट चालू आहेत. मागच्या महिन्यात टू-डी इको केला तर पंपिंग ४२ आलं. सूज नाही, धाप कमी, सकाळी रानात चक्कर मारून येतात.

आता घरात दोन तट पडलेत. थोरले दीर म्हणतात, माणूस बरा झालाय, एवढ्या गोळ्यांनी किडनी जाईल, बंद करा आणि अर्जुनसालीचा काढा द्या. मालकांनाही ते पटतंय. दोन वर्षं वारी चुकली म्हणून यंदा आळंदीपासून पायी जायचंच म्हणतात. जेवताना रोज मिठावरून भांडण, ताट सारून उठतात. हृदय कधीही बंद पडू शकतं असं शेजारणीनं सांगितल्यापासून मी रात्रभर त्यांचा श्वास ऐकत पडते. मुलगी पुण्याला असते, तिला सगळं सांगत नाही, उगीच जिवाला घोर. मी काय करू?

एक वाचक भगिनी, फलटण तालुका

ताई,

सगळ्यात आधी गोळ्यांचं. त्या बंद करू नका. एकही नाही, आणि एक दिवसासुद्धा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. तुमच्या पत्रात बाकी बऱ्याच गोष्टींना थोडं इकडे-तिकडे चालेल असं उत्तर आहे, याला नाही.

२८ वरून ४२ ही सुधारणा गोळ्यांनी घडवून आणलेली आहे आणि त्यांच्याच आधारावर टिकून आहे. दिरांच्या मनातला प्रश्न जगभरच्या हृदयरोगतज्ज्ञांनाही पडला होता. लंडनमध्ये त्यावर एक अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचं हृदय कमजोर होऊन औषधांनी पूर्ववत झालं होतं, ज्यांना कसलाही त्रास नव्हता, अशा रुग्णांपैकी काहींची औषधं तज्ज्ञांच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्यानं काढून घेतली. सहा महिन्यांत त्यातल्या ४४ टक्के लोकांचं हृदय पुन्हा ढासळायला लागलं. ज्यांची औषधं चालू ठेवली होती त्यांच्यात त्या काळात एकाचंही नाही. आणि ती माणसं तुमच्या यजमानांपेक्षा सुस्थितीत होती. त्यांचं पंपिंग पन्नासच्या वर होतं, अटॅकचा व्रण त्यांच्या हृदयावर नव्हता. यजमानांच्या हृदयाचा एक भाग त्या अटॅकमध्ये कायमचा गेलेला आहे. तो पुन्हा तयार होत नाही.

आता ४२ टक्के म्हणजे काय तेही सांगते, कारण या आकड्याचा घरोघरी फार धसका घेतला जातो. हृदय ४२ टक्केच चालतंय आणि ५८ टक्के बंद आहे, असा त्याचा अर्थ नाही. डावा कप्पा रक्तानं भरल्यावर एका ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर फेकतो, त्याचं ते प्रमाण आहे. धडधाकट माणसाचं हृदयसुद्धा शंभर टक्के रिकामं होत नाही. त्याचा आकडा साधारण ५५ ते ७० असतो. ४० किंवा त्याखाली असेल तर पंपिंग कमी झालं असं आम्ही म्हणतो. यजमान ती रेघ ओलांडून वर आले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र इको करणारा बदलला, मशीन बदललं, तरी पाच-सात आकड्यांचा फरक पडू शकतो. म्हणून पुढच्या वेळी ३८ आलं तर हाय खाऊ नका आणि ४८ आलं तर पेढे वाटून गोळ्या बंद करू नका.

हा आजार मुळात वाढतो कसा, हे घरातल्या सगळ्यांना एकदा कळलं की गोळ्यांवरचे निम्मे वाद मिटतात. अटॅकनंतर हृदयाचा काही स्नायू मेला. उरलेल्यानं काम रेटलं, पण मूत्रपिंडांकडे जाणारं रक्त कमी पडायला लागलं. मूत्रपिंडांना वाटतं, शरीरातलं पाणीच आटलं. मग ती मीठ आणि पाणी धरून ठेवतात. तेच पाणी पायांत उतरतं, पोटात साठतं, आडवं झालं की फुप्फुसात चढतं आणि माणूस मध्यरात्री उठून बसतो. दुसरीकडे शरीर अशी रसायनं सोडतं की ठोके वाढतात, रक्तवाहिन्या आवळतात. थकलेल्या बैलाला आसूड मारावा तसं हे आहे: दोन-चार पावलं तो जोरात ओढेल, पण रोज मारत राहिलात तर बसेल. शरीराची ही धडपड काही दिवस उपयोगी पडते आणि महिनोन्‌महिने चालू राहिली की हृदयाला पसरवते, कडक करते, आणखी दुबळं करते. औषधं मुख्यतः हा आसूड थांबवतात. गोळी बंद केली की आसूड पुन्हा सुरू होतो. यजमानांना पहिले काही आठवडे कदाचित काहीच जाणवणार नाही, आणि म्हणूनच ते फसवं आहे.

यजमानांच्या पाकिटात कोणत्या गोळ्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण अशा रुग्णांना सहसा चार प्रकारची औषधं दिली जातात. रामिप्रिल, एनालाप्रिल यांच्या घराण्यातलं किंवा त्यांच्या पुढचं साक्युबिट्रिल-वलसार्टन. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल यांपैकी एक. स्पायरोनोलॅक्टोन किंवा एप्लेरेनोन. आणि डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. हे चौथं औषध मधुमेहाचं म्हणून आलं, पण साखर नसलेल्या माणसाच्या हृदयालाही त्याचा फायदा होतो हे २०१९ पासून पक्कं माहीत आहे. म्हणून 'शुगर नसताना शुगरची गोळी दिली' असं दुकानदार म्हणाला तरी ती परत करू नका. लघवी जास्त करवणारी टॉर्सेमाइड किंवा फ्युरोसेमाइड या चारांत येत नाही. ती साठलेलं पाणी काढते आणि तिचा डोस डॉक्टर सूज पाहून कमी-जास्त करतात, कधी थांबवतातही. स्टेंटसाठीच्या रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या वेगळ्या; त्याही चालूच ठेवायच्या.

किडनीची दिरांची धास्ती अगदी निराधार नाही, हे त्यांना मान्य करून सांगा. यातली काही औषधं सुरू केल्यावर क्रिॲटिनिन, म्हणजे किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा, थोडं वाढतं आणि पोटॅशियम वर जाऊ शकतं. म्हणूनच औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर एक-दोन आठवड्यांत आणि नंतर दर काही महिन्यांनी रक्त तपासायचं असतं. तपासण्या वेळच्या वेळी केल्या तर किडनीचं नुकसान वेळीच कळतं. आणि डापाग्लिफ्लोझिनसारखं औषध तर किडनीची झीज उलट मंदावतं. हृदय पुन्हा बिघडलं तर मात्र किडनी नक्की धोक्यात येते, कारण तिला रक्त पुरवणारं तेच आहे.

खर्चाचा मुद्दा तुम्ही काढला नाहीत, पण गोळ्या बंद करण्यामागे पुष्कळदा तोच असतो. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट आपल्याकडे २०२० मध्ये संपलं, साक्युबिट्रिल-वलसार्टनचं जानेवारी २०२३ मध्ये. दोन्हींच्या जेनेरिक गोळ्या आता बऱ्याच स्वस्त मिळतात. डॉक्टरांना सरळ सांगा, महिन्याला इतकेच पैसे जमतील. ते बदलून देतील. संकोचानं एक दिवसाआड गोळी खाणारे कितीतरी जण मी पाहते, आणि ते बिचारे विचारल्याशिवाय सांगतही नाहीत.

अर्जुनसालीबद्दल. आपल्याकडे ती पूर्वापार हृदयासाठी देतात हे खरं. पण या चार औषधांची जागा ती घेते असा पुरावा कुठेही नाही. घ्यायचीच असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना सांगून, गोळ्यांच्या जोडीनं. घरच्या काढ्यात ज्येष्ठमध घालायची सवय असते, ते मात्र यजमानांना देऊ नका. ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं आणि पोटॅशियम खाली आणतं.

दिरांशी वाद घालण्यापेक्षा एक वजनकाटा आणा, जमिनीवर ठेवून वर उभं राहायचा साधा. सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, रोज सारख्याच कपड्यांत वजन करायचं आणि कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. चरबी दोन दिवसांत दोन किलो वाढत नाही, पाणी वाढतं. पायावर सूज दिसण्याआधी, धाप लागण्याआधी काटा ते सांगतो. तीन दिवसांत दोन किलोंच्या वर वजन वाढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करायचा. पाय सुजायची वाट बघायची नाही. दिवाळीतलं ॲडमिट होणं एका रात्रीत ठरलं नसणार. त्याआधी आठवडाभर तरी पाणी साठत असणार; पोट गच्च वाटणं, दोन घासांत पोट भरणं, चप्पल घट्ट होणं, एका उशीच्या दोन उशा होणं, रात्रीचा कोरडा खोकला. यातलं काहीही नव्यानं सुरू झालं तर तीही फोन करायची वेळ समजा. वजन उलट भराभर उतरलं, उभं राहिल्यावर अंधारी यायला लागली, तरी कळवायचं. फलटणकडचा एप्रिल-मे काय असतो ते मी तुम्हाला सांगायला नको. घामानं पाणी गेलेलं असताना लघवीची गोळी तेवढ्याच जोरात चालू राहिली तर माणूस कोसळतो.

बसल्या जागी धाप लागली, फेसाळ किंवा गुलाबी थुंकी पडली, छातीत दाबल्यासारखं दुखणं थांबेना, शुद्ध हरपली, तर फोन डॉक्टरांना नाही, १०८ ला.

आता मीठ. ताट सारण्यावरून तुमच्या घरात काय चालत असेल ते मला दिसतं, आणि मला वाटतं दोघांचीही यात उगाच फरफट होतेय. बहुधा तुम्ही यजमानांना पूर्ण अळणी जेवण देत आहात. तशी गरज नाही. मीठ अगदी कडक तोडून काय होतं, हे पाहण्यासाठी सहा देशांतल्या आठशेहून अधिक रुग्णांवर अभ्यास झाला, २०२२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. मृत्यू किंवा इस्पितळात जावं लागणं, यात ठळक फरक पडला नाही. याचा अर्थ ठेचा आणि लोणचं मोकळं झालं असा नाही. त्या अभ्यासात ज्यांचं मीठ कडक तोडलं नव्हतं ती माणसंही फार खारट खात नव्हती. आपल्याकडे दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, एवढ्यात राहिलं तरी पुष्कळ झालं, आणि बहुतेक घरांत याच्या कितीतरी वर जातं.

तेव्हा भाजी-आमटीत बेताचं मीठ घाला आणि वरून घ्यायचं मीठ, ठेचा, लोणचं, पापड, कुरडया, सांडगे, खारवलेली मिरची, सुकट, फरसाण हे यजमानांच्या ताटातून काढा. खरं मीठ तिथे आहे. भाकरी ही तुमच्याकडची मोठी सोय, तिच्यात मीठ नसलं तरी बिघडत नाही. लसूण, जिरं, धने, ओली मिरची, कोथिंबीर, लिंबू, चिंच, भाजलेलं खोबरं यांनी चव उचलून धरता येते. ताक बिनमिठाचं, जिरेपूड टाकून. तीन-चार आठवड्यांत जिभेला कमी मिठाची सवय होते, तोवर यजमान कुरकुरतील. सगळ्या घराची भाजी एकच करा आणि ज्याला लागेल त्यानं वरून घ्यावं. एकट्याला वेगळं पातेलं मांडलं की त्याला आपण आजारी, बाजूला काढलेले वाटतो. यजमान उठतात त्यामागे मिठाइतकंच हेही असेल.

सैंधव चालेल का, हे पुढचं पत्र येणार म्हणून आत्ताच सांगते: तेही मीठच. आणि दुकानात 'लो सोडियम' म्हणून मिळतं ते तर अजिबात नको. त्यात पोटॅशियम असतं, आणि स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्याच्या रक्तात ते वाढलं तर ठोक्यांची लय बिघडू शकते. रोज शहाळं पाजायचा प्रेमळ आग्रहही याच कारणासाठी टाळा. पोट फुगलं म्हणून सोडा किंवा पाण्यात विरघळणाऱ्या फसफसत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्यांत सोडियम भरपूर असतं.

पाण्याचं प्रमाण डॉक्टरांनी आखून दिलं असेल तर तेवढंच. दिलं नसेल आणि सूज नसेल तर तहानेला घोट-घोट मोजू नका, फक्त तांब्याच्या तांब्या रिचवायचे नाहीत.

यजमान स्वतः ज्याबद्दल बोलणार नाहीत अशा दोन-तीन गोष्टी. स्पायरोनोलॅक्टोननं काही पुरुषांची छाती दुखरी होते, थोडी वाढते. लाजून गोळी टाकून देतात. डॉक्टरांना सांगितलं तर तिच्या जागी एप्लेरेनोन देता येतं. डापाग्लिफ्लोझिननं लघवीतून साखर जाते, त्यामुळे लघवीच्या जागेवर खाज किंवा बुरशी येऊ शकते. लघवीनंतर पाण्यानं धुवून कोरडं केलं तर बहुतेकदा टळते. रामिप्रिलनं काहींना कोरडा खोकला लागतो, त्यालाही पर्याय आहे. मेटोप्रोलॉलच्या घराण्यातल्या गोळीचा डोस वाढवला की पहिले दोन-तीन आठवडे अंग जड वाटतं, मग सरतं. आणि नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पुष्कळांना विचारायचं असतं: दोन मजले जिने न थांबता चढता येत असतील तर हरकत नसते. त्यासाठीच्या गोळ्या मात्र मनानं घ्यायच्या नाहीत. छातीदुखीच्या, जिभेखाली ठेवायच्या गोळीबरोबर त्या जिवावर बेततात.

सगळ्यात घातक गोळी मेडिकलमधून सहज मिळते, ती अंगदुखीची. डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या गोळ्या मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात. गुडघा दुखला म्हणून चार दिवस घेतल्या आणि आयसीयूत पोचले, असं होतं. साधी पॅरासिटामॉल चालते. दुखण्याच्या प्रत्येक गोळीचं पाकीट उलटं करून नाव वाचा, किंवा मुलीला फोटो पाठवा.

ताई, आता तुमच्या रात्रीचं. शेजारणीनं सांगितलं ते पूर्ण खोटं नाही, म्हणून तुम्हाला पोकळ धीर देत नाही. कमजोर हृदयात ठोक्यांची लय अचानक बिघडण्याचा धोका असतो. पण तो सगळ्यांना सारखा नसतो. पंपिंग ३५ किंवा त्याखाली असेल, आणि तीन महिने पूर्ण औषधं घेऊनही तिथेच राहिलं, तर छातीत आयसीडी नावाचं यंत्र बसवण्याचा विचार करतात; लय बिघडली तर ते आतूनच झटका देऊन ती सुधारतं. यजमान त्या रेघेच्या बरेच वर आले आहेत. ज्या गोळ्यांवरून घरात वाद चाललाय, त्यांतल्याच काही हा धोका कमी करतात. केरळात तिरुवनंतपुरमला २०१३ साली हार्ट फेल्युअरच्या बाराशे रुग्णांची नोंद ठेवून वर्षानुवर्षं पाठपुरावा केला गेला. इस्पितळातून घरी जाताना सगळी योग्य औषधं मिळालेले रुग्ण थोडेच होते, आणि जे होते ते इतरांपेक्षा अधिक जगले. तुमच्या हातात जे आहे ते हे आहे.

श्वास ऐकत पडण्यानं तो धोका कमी होत नाही. एक गोष्ट मात्र तुमच्या कानांना कळली असेल तर ती उपयोगाची आहे: झोपेत श्वास खोल-खोल होत जातो, मग उथळ होत थांबतो, काही क्षणांनी पुन्हा सुरू होतो, असं होतं का? किंवा घोरता-घोरता श्वास अडकतो का? होत असेल तर पुढच्या भेटीत सांगा, त्याची तपासणी आणि उपचार आहेत. एवढं एकदा पाहून झालं की झोपा. उशा किती लागतात ते सकाळी विचारायचं, वजन सकाळी करायचं, पहारा दिवसा. लघवीची गोळी सकाळी द्या, दुसरा डोस असेल तर चारच्या आत, म्हणजे त्यांचीही झोप मोडणार नाही.

आणि मुलीला सांगा, सगळं. तिला पुण्यात बसून काही कळत नाही म्हणून ती निर्धास्त आहे असं तुम्हाला वाटतं. ती तुमच्या आवाजावरून ताडत असणार. गोळ्यांची यादी तिच्या मोबाइलमध्ये असू दे, रोजचं वजन तिला पाठवा, डॉक्टरांना फोन करायचं काम तिच्याकडे द्या. ही एकटीनं ओढायची गाडी नाही. यजमानांची चिडचिडही नुसती मिठाची समजू नका. ज्याच्या अंगावर घर चाललं, तो माणूस जिना चढताना थांबतो तेव्हा आतून खचतो. या आजारात उदासी फार जणांना येते. ते हसेनासे, बोलेनासे झाले असतील, भजनालाही जात नसतील, तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. काट्यावर उभं राहून आकडा त्यांनीच लिहू दे, गोळ्यांचा आठवड्याचा डबा त्यांनीच भरू दे. तुम्ही फक्त भरल्यावर बघा.

वारीचा विषय मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण यजमानांना वाचून दाखवाल तेव्हा तो त्यांनी नीट ऐकावा अशी माझी इच्छा आहे. काका, आळंदीपासून पंढरपूर हे अडीचशे किलोमीटर. पुण्याहून सासवडचा एकच टप्पा सुमारे तीस किलोमीटर, त्यात दिवेघाट. पावसात भिजणं, उघड्यावर झोप, गर्दीतला सर्दी-खोकला, कुणी प्रेमानं वाढलेलं खारट पिठलं, वाटेत जुलाब लागले तर अंगातलं पाणी जाणं. दिवाळीत इस्पितळात असलेल्या हृदयाला यंदा हे झेपणार नाही, पूर्ण पायी वारी यंदा नको. पण वारीच नको असं मी म्हणणार नाही. माउलींची पालखी तुमच्याच तालुक्यातून जाते. तरडगावच्या अलीकडे चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण होतं, फलटणला मुक्काम असतो. तिथे या. पुढे एसटीनं वाखरीला जाऊन शेवटच्या टप्प्यात थोडं चालता येईल का, हे तोवर तब्येत कशी राहते आणि तुमचे डॉक्टर काय म्हणतात त्यावर ठरवा. पंढरपुरात पददर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभं राहू नका, मुखदर्शन घ्या.

आणि त्याची तयारी आजपासून सुरू करा. चालणं या आजारात औषधच आहे. रोज सपाट वाटेवर, दहा मिनिटांपासून, दर आठवड्याला थोडं वाढवत. वेग एवढाच की चालता-चालता अभंग म्हणता आला पाहिजे. शब्द तुटायला लागला की सावकाश. रानात पोती उचलणं, दम कोंडून जोर लावणं टाळा. भर उन्हात नाही, जेवणावर लगेच नाही. वारीच्या वाटेवर आरोग्य शिबिरांत पाय दुखतात म्हणून गोळ्या देतात. हात पुढे करायच्या आधी हृदयाचा आजार आहे हे सांगायचं आणि औषधांची यादी दाखवायची. वाटेत उलट्या-जुलाब झाले तर लगेच डॉक्टरांना विचारायचं, कारण अशा वेळी काही गोळ्या एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात. एकादशीला निर्जळी करायची नाही. डापाग्लिफ्लोझिन चालू असताना दिवसभर उपाशी राहिलं तर रक्तात आम्ल साठण्याचा धोका असतो. उपवास करायचाच तर कसा, ते आधी विचारून घ्या.

पुढच्या तपासणीला दिरांना सोबत न्या. ते घरातले मोठे आहेत, काळजीपोटीच बोलतात. त्यांनी डॉक्टरांना स्वतः विचारावं आणि उत्तर स्वतःच्या कानांनी ऐकावं. त्याच भेटीत चार गोष्टी काढा. चारही औषधं चालू आहेत का, आणि त्यांचे डोस आणखी वाढवता येतील का? क्रिॲटिनिन आणि पोटॅशियम शेवटचं कधी तपासलं? शरीरातलं लोह पाहिलंय का? हिमोग्लोबिन बरं असूनही लोह कमी असू शकतं, त्यानं थकवा येतो आणि ते शिरेतून भरून काढता येतं. आणि फ्लूची यंदाची व न्यूमोनियाची लस. लस अंगात लागू पडायला दोन आठवडे जातात, म्हणून ही भेट पावसाळा सुरू व्हायच्या पुरेशी आधी घ्या.